घर तिच्या नावावर, संसार दोघांचा

मंगळसूत्राची तार जराशी झिजली, की आपण त्याच आठवड्यात सोनाराचं दुकान गाठतो. पण घराचा कागद कुठल्या पेटीत आहे आणि त्यावर नाव कोणाचं आहे, असं विचारलं तर पुष्कळजणी ‘ते ह्यांना ठाऊक’ म्हणून मोकळ्या होतात. ज्या थोड्याजणींच्या स्वतःच्या नावावर घर आहे, त्यांनाही ते राखायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी सांगितलेलं नसतं.

आमच्या महाडातही अशा बायका आता दिसू लागल्या आहेत. कोणी नोकरी करून दोन खोल्या घेतल्या, कोणाला वडिलांनी दिल्या. अशा घरात उद्या नवराच राहायला आला तर? मुलगी सासरी जाते, तेव्हाचे सगळे रीतिरिवाज आपल्याकडे ठरलेले आहेत. जावई घरात येतो, तेव्हाचे फक्त टोमणे ठरलेले!

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईनं हा विषय माझ्यापुढे आणला. ऐन तिशीत नवरा गेला, पदरी एक मुलगी. वडिलांनी महाडातलं दोन खोल्यांचं कौलारू घर तिला रीतसर बक्षीसपत्र करून दिलेलं. आता तिचं पुन्हा लग्न ठरत होतं. गृहस्थ पोलादपूर तालुक्यातल्या एका गावचे, नोकरी महाडच्या एम.आय.डी.सी.त, स्वभावानं शांत. मुलीची शाळा इथे, त्यांची कंपनीही इथे, तेव्हा राहायचं तिच्याच घरात, असं दोघांनी ठरवलं. मग त्यांच्याकडची वडीलधारी मंडळी म्हणाली, “घर त्याच्या नावावर करा. पुरुषमाणसानं बायकोच्या घरात किती दिवस राहायचं?” तिच्या मावशीनंही मान डोलावली. ती बिचारी माझ्याकडे आली. “बाई, लग्न झालं की घर आपोआपच त्यांचं होतं का हो?”

नाही होत! कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी लग्नानंतरची कमाई दोघांची निम्मी-निम्मी धरतात. आपल्याकडे तसं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानं बाईच्या ताब्यात आलेली मिळकत, मग ती वारसानं येवो, बक्षीस येवो की विकत घेतलेली असो, पूर्णपणे तिच्या मालकीची असते. बक्षीसपत्रात किंवा मृत्युपत्रात देणाऱ्यानंच काही अट घातली असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून आपला कागद एकदा नीट वाचून घ्यावा. पण लग्नानं मालकी बदलत नाही. नवऱ्याच्या आधार कार्डावर आपल्या घराचा पत्ता आला किंवा विजेचं बिल त्याच्या नावानं आलं, म्हणूनही नाही.

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. डॉक्टर रखमाबाईंचं नाव आपण ऐकलेलं असतं. त्यांच्या आईची, जयंतीबाईंची, हकिगत कमीजणींना माहीत असते. जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. १८५६ च्या कायद्यानं विधवेला पुनर्विवाह करता येत होता, पण केला तर पहिल्या नवऱ्याकडून आलेल्या मिळकतीवरचा हक्क जायचा. मुंबईच्या डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न करण्याआधी जयंतीबाईंनी ती मिळकत लहानग्या रखमाबाईच्या नावावर करून टाकली. पुढे अकराव्या वर्षी रखमाबाईचं लग्न दादाजी भिकाजीशी झालं. त्यानं सासुरवाडीतच राहायचं नि शिकायचं असं ठरलं होतं. ते काही जमलं नाही. १८८४ साली त्यानं बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला, तेव्हा त्याचा डोळा मिळकतीवर आहे, असं रखमाबाईंच्या बाजूचं म्हणणं होतं. १८८७ साली न्यायालयानं त्यांना नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असं फर्मावलं. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. कुठे ते दिवस आणि कुठे आजचे! आता पुनर्विवाह केला म्हणून विधवेच्या नावावर आलेला वाटा जात नाही.

मग घर जातं ते कसं? सहीनं जातं. बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र, धंद्याच्या कर्जाला तारण, यांतलं काहीतरी पुढे येतं आणि चुलीवर दूध असताना ‘इथे फक्त एक सही कर’ म्हटलं जातं. महाराष्ट्रात २०१५ पासून राहतं घर नवरा-बायको किंवा मुलांना बक्षीस द्यायचं, तर मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. सवलत चांगली आहे. पण घर देऊन टाकणं किती स्वस्त झालं, तेही बघा. परत मागताना मात्र तीच सवलत हात देत नाही! जो कागद आपण सावकाश, बसून वाचलेला नाही, त्यावर सही करू नये. घराचे मूळ कागद कोणालाही ‘दोन दिवसांसाठी’ देऊ नयेत.

दुसरी गोष्ट पैशाची. नव्या नवऱ्यानं कौलं काढून वर स्लॅब टाकला, तर तो पैसा उसना की भेट, हे तेव्हाच चार ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. वाईट वाटतं, मान्य आहे. पण भांडणात ‘घर माझ्या पैशावर उभं आहे’ हे वाक्य आलं, की त्याचं उत्तर तोंडी देता येत नाही.

आणि देव न करो, पण त्रासच सुरू झाला तर? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं दंडाधिकारी नवऱ्याला राहतं घर सोडून जाण्याचा हुकूम देऊ शकतात. घर आपलं असताना आपणच पिशवी उचलून बाहेर पडायचं, ही आपली जुनी खोड.

आता खरी अडचण, जी तिच्याही ध्यानात आली नव्हती. ती मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू कायद्यानं तिच्या मिळकतीचे पहिले वारस मुलं आणि नवरा, सारख्या वाट्यानं. म्हणजे आजोबांनी दिलेल्या त्या घरात लेकीचा निम्मा आणि सावत्र वडिलांचा निम्मा. मूलबाळ नि नवरा दोन्ही नसले, तर स्वतः मिळवलेली मिळकतसुद्धा माहेरच्यांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. नारायणीदेवी नावाच्या बाईंचा खटला आहे. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत नवरा वारला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरी राहून शिकल्या, नोकरी केली. १९९६ साली मृत्युपत्र न करता वारल्या. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची मिळकत कोणाला दिली? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कायदाच तसा, असं न्यायालय म्हणालं.

म्हणून मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही; दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करून ठेवलेली बरी. (मुसलमान भगिनींचा कायदा निराळा आहे. त्यांत इतर वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशच मृत्युपत्रानं देता येतं. त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा.)

तिनं मला विचारलं, “पण बाई, मी आधी गेले तर ते कुठे जातील?” मला हा प्रश्न फार आवडला. त्यावरही वकिलांनी वाट दाखवली. मालकी मुलीची, आणि ते जिवंत असेतो त्या घरात राहण्याचा हक्क त्यांचा, असं मृत्युपत्रात लिहिता येतं. मुलगी अज्ञान, म्हणून व्यवस्था कोण बघणार, त्याचं नावही घातलं. लग्नाआधीच तिनं हे सगळं त्यांच्यासमोर वाचून दाखवलं. चोरून केलं असतं, तर पुढे तोच वादाचा विषय झाला असता. ते म्हणाले, “माझं गावचं घर आहे. मला राहायला मिळालं, पुरे.” वडीलधारी मंडळी थोडी रुसली, नि जेवायला बसली.

एक राहिलं. घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पक्का पुरावा नव्हे. मूळ दस्त आणि असेल तिथे मिळकत पत्रिका, हीच खरी. २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतले किती कागद लगदा झाले, ते आम्ही पाहिलं आहे. दस्त नोंदलेला असेल तर निबंधकांच्या कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. ती पावसाळ्याआधी काढावी, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून माळ्यावर ठेवावी, आणि दस्ताचा क्रमांक व साल लेकीच्या वहीत लिहून द्यावं.