पाइपचा व्यास निम्मा केला तर

अभियांत्रिकी कॉलेजांच्या हल्लीच्या बऱ्याच प्रश्नपत्रिकांत प्रश्नासमोर गुणांखेरीज आणखी दोन रकाने असतात. एकात सीओ १, सीओ ४ असं काहीतरी छापलेलं असतं. सीओ म्हणजे कोर्स आउटकम. विषय शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, त्या पाच-सहा मुद्द्यांच्या यादीतला कोणता मुद्दा हा प्रश्न तपासतो, ते त्यावरून कळतं. दुसऱ्या रकान्यात ब्लूम यांच्या श्रेणीतली पातळी असते. आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण करणे अशी ती चढत जाते. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९५६मध्ये मांडली आणि २००१मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली.

आपल्याकडे ही पद्धत एनबीएच्या, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनच्या, मूल्यांकनामुळे रुजली. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या १९८९च्या वॉशिंग्टन कराराचा भारत जून २०१४मध्ये कायम सदस्य झाला. तेव्हापासून ‘किती शिकवलं’ याच्या जोडीला ‘मुलांना काय जमतं’ याचाही हिशेब द्यावा लागतो. हा आग्रह योग्यच आहे. प्रश्न आहे तो हिशेब कसा मांडला जातो याचा.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका संलग्न कॉलेजातला स्थापत्यच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग घेऊ. विषय फ्लुइड मेकॅनिक्स. सीओ ४ सांगतो, की पाइपमधल्या प्रवाहाचा हेड लॉस, म्हणजे वाटेत वाया जाणारी ऊर्जा, काढून विद्यार्थ्याला योग्य व्यासाचा पाइप निवडता यावा. चाचणीत मात्र पूर्वी काय विचारलं जायचं? डार्सी-वाइसबाख समीकरण सिद्ध करा. आणि एक गणित, ज्यात लांबी, व्यास, वेग, घर्षणांक सगळं आयतं दिलेलं. आकडे सूत्रात भरले की उत्तर आलं. गुण चांगले पडायचे आणि सीओ ४ गाठल्याची नोंद व्हायची. पण पाइप निवडायची वेळ कोणावर आलेलीच नसायची.

विषय शिकवणाऱ्या मॅडमनी चाचणीत चार गुणांचा एक प्रश्न घातला. विसर्ग आणि घर्षणांक तोच ठेवून पाइपचा व्यास निम्मा केला, तर घर्षणाने होणारा हेड लॉस किती पट होईल? प्रश्नात एकही आकडा नाही.

बऱ्याच जणांनी लिहिलं, दुप्पट. पेपर दाखवायच्या दिवशी एकाने विचारलंही, “मॅडम, सूत्रात डी खाली आहे. मग दुप्पटच ना?”

“अरे, विसर्ग तोच आहे. मग वेग तोच राहील का?”

तो थांबला. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं. तेवढंच पाणी पाव जागेतून जायचं तर वेग चौपट व्हायला हवा. सूत्रात वेगाचा वर्ग आहे, म्हणजे सोळा पट. खालचा व्यास निम्मा, म्हणजे आणखी दुप्पट. उत्तर ३२. व्यासात केलेली काटकसर पुढे पंपाच्या वीजबिलात किती महाग पडते, ते या एका आकड्यात आहे.

काही पेपरांत उत्तर आठ होतं, आणि मॅडमचा सगळ्यात जास्त वेळ या पेपरांवर गेला. कारण आठ दोन वाटांनी येतं. कोणी वेग चौपट धरतो, पण त्याचा वर्ग करायला विसरतो. कोणी व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळही निम्मं समजतो, वेग दुप्पट धरतो आणि वर्ग मात्र बरोबर करतो. पहिल्याची चूक घाईची असू शकते. दुसऱ्याचा व्यास आणि क्षेत्रफळाचा संबंधच पक्का झालेला नाही. उत्तर दोघांचं सारखं, पण दोघांना शिकवायचं वेगवेगळं.

सीओ किती गाठले याचा हिशेब ठेवणाऱ्या एक्सेलच्या तक्त्यात हा फरक उतरत नाही. तिथला एक रूढ हिशेब असा: ६० टक्के गुणांची रेषा आखायची, ती ओलांडणारी मुलं ५० टक्के असतील तर सीओ गाठल्याची पातळी १, ६० टक्के असतील तर २, ७० टक्के असतील तर ३. हे प्रमाण प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. मग विद्यापीठाच्या परीक्षेचे गुण मिसळायचे. बहुतेक ठिकाणी या थेट मोजणीला ८० टक्के वजन असतं आणि ‘तुम्हाला हे जमतं का’ असं मुलांनाच विचारणाऱ्या सर्व्हेला २० टक्के.

खरी अडचण विद्यापीठाच्या गुणांत आहे. संलग्न कॉलेजला विषयाचे एकूण गुण तेवढे कळतात, त्यामुळे त्या परीक्षेची टक्केवारी सगळ्या सीओंना सरसकट लावली जाते. द्रवाचे गुणधर्म सांगणं आणि पाइप निवडणं या दोन अगदी वेगळ्या कौशल्यांना एकच आकडा मिळतो. एनबीएच्या समितीपुढे ठेवलेल्या फाइलमध्ये तो दोन दशांश स्थळांपर्यंत असतो, पण मुलांचं नेमकं कुठे अडलं हे त्यातून समजत नाही.

मॅडमनी बदल केला तो प्रयोगशाळेत. ‘फ्रिक्शन इन पाइप्स’च्या प्रयोगात मुलं एकेका पाइपचा घर्षणांक काढून जर्नल पूर्ण करत. आता व्हॉल्व्ह असा लावायचा, की २५ मिलिमीटरच्या आणि २० मिलिमीटरच्या पाइपमधून टाकी तितक्याच सेकंदांत तितकीच भरेल, आणि मग दोन्ही वेळचा मॅनोमीटर वाचायचा. हिशेबाने दुसऱ्या पाइपचा हेड लॉस साधारण तिप्पट यायला हवा. घर्षणांक दोन्हीकडे अगदी सारखा नसल्याने आकडा थोडा इकडेतिकडे होतो. तो का झाला, हा व्हायवाचा पहिला प्रश्न.

असं काम वाढायचं तर शिक्षकाच्या हाती प्रश्ननिहाय गुण पडायला हवेत. मुंबई विद्यापीठाने २०१७पासून उत्तरपत्रिकांचं ऑनस्क्रीन मूल्यांकन सुरू केलं. परीक्षक पडद्यावर प्रश्नागणिक गुण भरतो, म्हणजे तिथे ही माहिती तयार असतेच. निकालाबरोबर ती विषय शिकवणाऱ्यांपर्यंत पोहोचली पाहिजे आणि सोबत प्रत्येक विषयाच्या दहा-पंधरा उत्तरपत्रिकांच्या, नाव-नंबर झाकलेल्या, प्रतीही. आठ हे उत्तर कोणत्या वाटेने आलं, ते शिक्षकाला या प्रतींतच वाचता येईल.