लिनक्सचा विसरभोळा आवाज

रात्री गाणी ऐकताना आवाज ऐंशी टक्क्यांवर होता. सकाळी लॅपटॉप चालू केला, तर चिडीचूप! लिनक्स वापरणाऱ्यांपैकी अनेकांच्या हा प्रकार ओळखीचा असेल. गाण्यांचं एक वेळ चालून जातं हो, पण ऑनलाइन इंटरव्ह्यूला माईकच म्यूट निघाला तर? त्यात होस्टेलचा ठरलेला सल्ला, ‘फॉरमॅट मार!’ जरा थांबा. रात्रीपर्यंत वाजणारा स्पीकर बहुतेक ठणठणीतच असतो. सेटिंग तेवढं विसरलेलं असतं.

लिनक्समध्ये साउंड कार्डशी बोलायचं काम ‘अल्सा’ करते. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला हा प्रोजेक्ट. साधारणपणे मशीन बंद होताना सगळे आवाज एका फाइलमध्ये लिहिले जातात आणि चालू होताना तीच फाइल वाचून परत लावले जातात. ‘व्हार’मधल्या ‘लिब’मध्ये ‘अल्सा’ नावाचं फोल्डर आहे, त्यात ही ‘एसाउंड डॉट स्टेट’ फाइल सापडेल. आधी तिची तारीख बघा. काल लॅपटॉप वापरूनही ती महिनाभर जुनी असेल, तर लिहिणंच होत नाहीये! पॉवर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करायची सवय असेल, तर हे होणारच. बिचाऱ्याला आवराआवर करायला वेळ तरी कुठे मिळतो?

आता टर्मिनल उघडून ‘अल्सामिक्सर’ चालवा. एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा, नाहीतर भलत्याच पट्ट्या वरखाली करत बसाल. पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं की ती म्यूट आहे. ‘एम’ दाबलं की उघडते. ‘मास्टर’ सगळेच बघतात, पण ‘स्पीकर’ आणि ‘हेडफोन’ वेगवेगळे म्यूट असू शकतात. माईकसाठी एफ४ दाबा, आणि ‘कॅप्चर’ बंद असेल तर स्पेसबारने चालू करा. मग बाहेर येऊन ‘सुडो अल्सासीटीएल स्टोअर’ (टाइप अर्थातच इंग्रजीत, लहान अक्षरांत).

झालं का नीट, ते तपासायची सोपी युक्ती आहे. आवाज मुद्दाम कमी करा आणि त्याच कमांडमध्ये ‘स्टोअर’ऐवजी ‘रिस्टोअर’ लिहून चालवा. आवाज परत आला, म्हणजे फाइल ठीक आहे.

तरीही रीस्टार्टनंतर आवाज गायब? मग संशय दुसऱ्यावर घ्या. अल्साच्या वर ‘पाइपवायर’ किंवा जुन्या मशीनवर ‘पल्सऑडिओ’ बसलेला असतो. त्याची आठवण वेगळी, प्रत्येक युजरच्या होम फोल्डरमध्ये. लॉगिन केलं की तो स्वतःचे आकडे लावतो आणि अल्साने लावलेलं पुसलं जातं. खरी डोकेदुखी ही आहे, कारण आपण एकाला समजावत बसतो आणि ऐकायचं असतं दुसऱ्याने. पाइपवायर असेल तर होममधल्या लपवलेल्या ‘डॉट लोकल’मध्ये ‘स्टेट’, त्यात ‘वायरप्लंबर’ हे फोल्डर शोधा. डिलीट करू नका, फक्त नाव बदला आणि रीस्टार्ट करा. तो कोऱ्या पाटीवर नव्याने लिहायला लागेल.

इंटरव्ह्यू असेल तर हे सगळं आदल्या रात्रीच उरका, आणि झोपण्याआधी मशीन एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघा. मेन्यूतून बंद करा, बटण दाबून नव्हे.