छोट्या खेळयंत्रावर दूरचा गडी

समजा, एक गडी आर्वीत बसलाय आणि दुसरा हिंगणघाटात. दोघांच्या हातात खिशात मावेल एवढं खेळयंत्र आहे आणि त्यांना नवकंकरी या पटावरच्या खेळाचा डाव मांडायचाय. पट दोन्हीकडे एकसारखा दिसला पाहिजे आणि खेळता खेळता एकमेकांना डिवचताही आलं पाहिजे. यासाठी काय काय लागतं, ते क्रमाने पाहू.

यंत्र म्हणून आपण ‘प्लेडेट’ घेऊ. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ‘पॅनिक’ या कंपनीने ते २०२२ साली ग्राहकांच्या हाती दिलं. पिवळी चौकोनी डबी, बाजूला फिरवायचा दांडा आणि ४०० बाय २४० ठिपक्यांचा काळा-पांढरा पडदा. त्या पडद्यामागे दिवाही नाही, उजेडात धरूनच खेळायचं. वाय-फाय त्यात पहिल्यापासून होतं, पण कुणीही लिहिलेल्या खेळाला इंटरनेटवर मोकळेपणी जाता येण्याची सोय २०२५ मध्ये आली. त्यामुळे या कामात हात घालायला हा काळ चांगला आहे.

सुरुवातीला यंत्र विकत घ्यावं लागत नाही. खेळ लिहिण्याचं साहित्य, म्हणजे एसडीके, कंपनी फुकट देते. त्यात सिम्युलेटर असतो, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्राची नक्कल. विंडोज, मॅक, लिनक्स, काहीही चालतं. लिहायचं लुआ किंवा सी या भाषेत. आपण नवखे असाल तर लुआच घ्या.

पहिला निर्णय खेळाचा, आणि निम्मं यश इथेच ठरतं. दोन्ही गडी वर्धा जिल्ह्यातले. त्यांचे निरोप पोचवणारा सर्व्हर, म्हणजे कायम चालू असलेला मधला संगणक, मुंबईत आहे असं धरू. वर्धा ते मुंबई हे अंतर रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला निव्वळ आठेक मिलिसेकंद. सर्व्हर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असेल तर हाच आकडा १२० च्या वर जातो. प्लेडेट एरवी सेकंदाला ३० चित्रं काढतं, म्हणजे तेवढ्या वेळात तीन-चार चित्रं होऊन जातात. हा झाला नुसता प्रकाशाचा वेळ. मोबाइल टॉवर आणि मधली यंत्रं त्यात आपापली भर घालतातच. म्हणून शर्यत किंवा हाणामारीचा खेळ पहिल्याच फटक्यात घेऊ नका. आळीपाळीने चालायचा खेळ घ्या. नवकंकरीत समोरच्याने विचार करायला वेळ लावला की नेटवर्कने उशीर केला, हे कळतसुद्धा नाही.

आता हा सर्व्हर लागतोच कशाला, ते पाहू. आर्वीचं यंत्र थेट हिंगणघाटच्या यंत्राशी का बोलत नाही, असं आपल्याला वाटेल. अडचण पत्त्याची आहे. मोबाइल कंपन्या इंटरनेटचा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून कुणी नेमक्या आपल्या यंत्राचं दार ठोठावू शकत नाही. म्हणून दोघांनीही बाहेर पडून मधल्या ठिकाणी भेटायचं. मुंबईत भाड्याने मिळणारा लहानात लहान लिनक्स सर्व्हर या कामाला पुरून उरतो.

पटाची खरी प्रत सर्व्हरवर ठेवा. यंत्राने फक्त ‘मला ही चाल करायची आहे’ एवढं सांगायचं. चाल नियमात बसते का, हे सर्व्हर तपासेल आणि नवा पट दोघांना कळवेल. दोन्ही यंत्रांनी आपापला पट सांभाळायचा ठरवलं, तर एखादी चाल हरवताच दोघं दोन वेगळे डाव खेळत बसतील, आणि जिंकलं कोण यावरून भांडण वेगळंच.

मग निरोपाचा आकार. नवकंकरीच्या पटावर २४ जागा असतात. प्रत्येक जागा रिकामी, माझी किंवा तुझी. एका जागेला दोन बिट धरले तर ४८ बिट, म्हणजे सगळा पट सहा बाइटमध्ये मावतो. चाल म्हणजे तर तीनच लहान आकडे: कंकरी कुठून उचलली, कुठे ठेवली आणि तीन एका ओळीत आल्या असतील तर समोरच्याची कोणती काढली. इतका लहान निरोप कसल्याही नेटवर्कमधून निसटून जातो.

निरोप पाठवायचे दोन रस्ते प्लेडेटवर आहेत. एचटीटीपी म्हणजे विचारणा आणि उत्तर: यंत्र विचारतं, सर्व्हर सांगतो, विषय संपला. टीसीपी म्हणजे उघडी ठेवलेली वाहिनी, जिच्यातून दोन्ही बाजूंनी केव्हाही बोलता येतं. माझं मत स्पष्ट आहे: पहिला खेळ एचटीटीपीवर करा. आपली पाळी नसताना दर काही सेकंदांनी ‘नवीन काही?’ असं विचारत राहायचं. जाणकार याला आडमुठेपणा म्हणतील, पण तुटलं तरी सांधायला काही उरत नाही, हा फायदा मोठा आहे. फक्त फार घाईने विचारू नका. वाय-फाय बॅटरी खातं. खेळ पहिल्यांदा सर्व्हरकडे जाताना यंत्र खेळणाऱ्याची परवानगी मागतं. खेळणाऱ्याने ‘नाही’ म्हटलं तर पुढे काय, तेही लिहून ठेवा, नाहीतर रिकामा पडदा दिसेल.

टीसीपी घेतलंच, तर इथे जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो. टीसीपी बाइट क्रमाने पोचवतं, पण एक निरोप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे ते सांगत नाही. आपण दोन निरोप पाठवले तर पलीकडे ते एकत्र चिकटून येऊ शकतात किंवा पहिल्याचा अर्धाच तुकडा आधी येऊ शकतो. घरच्या वाय-फायवर हे क्वचित दिसतं, म्हणून प्रोग्राम बरोबर आहे असं वाटतं. उपाय साधा आहे: प्रत्येक निरोपाच्या आधी त्याची लांबी पाठवा, आणि तेवढे बाइट हातात येईपर्यंत निरोप वाचायला घेऊ नका.

आता नेटवर्क तुटण्याकडे येऊ. वर्ध्याहून पुलगावकडे निघालेल्या गाडीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळून पाहा. रेंज जाणार, येणार. समजा, गड्याने सतरावी चाल पाठवली. ती सर्व्हरला मिळाली, पण ‘मिळाली’ हे उत्तर परत येताना हरवलं. यंत्राला वाटतं चाल गेलीच नाही, म्हणून ते पुन्हा पाठवतं. आता सर्व्हर ‘तुझी पाळी नाही’ म्हणून चूक दाखवेल, आणि खेळणारा चक्रावेल. म्हणून प्रत्येक चालीला क्रमांक द्या. सतरावी चाल आधीच नोंदलेली असेल आणि तीच पुन्हा आली, तर सर्व्हरने मुकाट्याने पुन्हा ‘मिळाली’ म्हणावं.

डाव सुरू होताना सर्व्हरने प्रत्येक गड्याला एक लांब, अंदाज न करता येणारी खूण द्यावी आणि यंत्राने ती जपून ठेवावी. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं की खूण दाखवायची, सर्व्हर पूर्ण पट देईल. सहाच बाइट आहेत, ‘मधलं काय चुकलं’ याचा हिशेब कशाला? आणि रेंज गेली म्हणून डाव हरल्याचं जाहीर करू नका. पोस्टकार्डावरचं बुद्धिबळ महिनोन्‌महिने चालायचं. एक दिवस थांबायला हरकत नसावी.

गप्पांचा भाग दिसतो त्याहून अवघड आहे. प्लेडेटवर दांडा फिरवून अक्षर निवडायचा कीबोर्ड आहे, पण तो रोमन अक्षरांचा. शिवाय यंत्र पडद्यावर एकेका अक्षराचं चित्र ओळीने मांडतं. मराठीला ते चालत नाही. ‘नमस्कार’मधला अर्धा स पुढच्या क ला जोडावा लागतो, ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर असते आणि दाखवताना आधी. हे जोडकाम करणारी यंत्रणा मोबाइलमध्ये असते, इथे नाही. नुसती अक्षरं मांडली तर हलंत, पाय मोडलेली मराठी दिसते.

म्हणून तयार वाक्यं ठेवा. वीस-पंचवीस ओळी संगणकावर नीट लिहून त्यांची काळी-पांढरी चित्रं करा: ‘एक डाव अजून’, ‘हे कुठून सुचलं?’, ‘जेवायला बोलावलंय’, ‘काहून बे, झोपला का?’ नेटवर्कवरून फक्त ओळीचा क्रमांक जातो, एक बाइट. ‘नमस्कार’ हा शब्द यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर एकटाच २१ बाइट घेतो. आणखी एक सोय अशी की समोरचा हिंदीत खेळत असेल तर त्याच क्रमांकाला त्याच्याकडे हिंदी ओळ दिसेल.

मोकळ्या गप्पा न ठेवण्याचं कारण केवळ तांत्रिक नाही. निन्टेंडोने ३डीएस या यंत्रावरची इंटरनेटवरून चिठ्ठ्या पाठवण्याची सोय २०१३ साली बंद केली, कारण मुलं अनोळखी लोकांना आपले मैत्री-क्रमांक देत होती आणि आक्षेपार्ह चित्रांची देवाणघेवाण होत होती. एवढ्या मोठ्या कंपनीला जे आवरलं नाही, ते आपण एकट्याने रात्री जागून आवरणार नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरलाय आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. सोपं उत्तर म्हणजे नाव, फोन, वय काहीच मागू नका. सर्व्हरने चार आकड्यांचा डाव-क्रमांक द्यावा, एकाने तो दुसऱ्याला फोनवर सांगावा. तयार वाक्यांनीही कुणी छळू शकतो, तेव्हा समोरच्याला गप्प करण्याचं एक बटण मात्र हवंच.

तपासणी करताना सर्व्हर आणि सिम्युलेटर एकाच संगणकावर चालवून समाधान मानू नका. तिथे सगळं फार छान चालतं. प्रत्यक्ष यंत्र मिळालं तर आधी हे पाहा: प्लेडेटला २.४ गिगाहर्ट्‌झचंच वाय-फाय दिसतं. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर असेल तर यादीत नावच येणार नाही, आणि आपण दिवसभर स्वतःच्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसाल. जिथे आधी लॉगिनचं पान उघडतं असं कॉलेजचं किंवा स्टेशनवरचं वाय-फायही उपयोगाचं नाही. चाल पाठवता पाठवता हॉटस्पॉट बंद करून पाहा, डाव चालू असताना सर्व्हर बंद करून पाहा. सर्व्हरच्या सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र आपोआप नवं होतंय ना, हेही बघा. फुकट मिळणारं लेट्‌स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असायचं आणि ही मुदत आता आणखी कमी होत चालली आहे. ते संपलं की एका सकाळी सगळ्यांचे डाव एकदम अडतात.

सर्व्हरचा पत्ता खेळात पक्का कोरून टाकू नका, सेटिंगमध्ये बदलता येईल असा ठेवा आणि सर्व्हरचा प्रोग्राम खुला करा. निन्टेंडोने ३डीएसवरचा ऑनलाइन खेळ ८ एप्रिल २०२४ ला थांबवला. त्याआधीपासूनच हौशी लोक ‘प्रेटेंडो’ नावाने पर्यायी सर्व्हर उभा करत होते, पण मूळ प्रोग्राम हाती नसल्याने त्यांना यंत्राचं बोलणं ऐकून ऐकून सगळं नव्याने लिहावं लागलं. आपण भाडं भरायचं थांबवलं, तर आर्वीच्या गड्याला तो प्रोग्राम घरच्या जुन्या लॅपटॉपवर चढवून, घरात असतील तेवढ्या यंत्रांवर डाव चालू ठेवता येईल.