माईकवरचं आणि कागदावरचं

परवानगीची वाट : लेखांक ६

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा सूचना आणि 'नावात बदल' यांच्या मधोमध, कधीतरी एक लांबट चौकट येते. बारीक टाइप, वर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नाव, खाली प्रकल्पाचं नाव, तारीख, वेळ, जागा. बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरून श्रद्धांजलीच्या जाहिरातींवर जाते. माझीही वर्षानुवर्षं तशीच जात होती. जनसुनावणीची जाहिरात ती हीच. ती छापून आली की तीस दिवस मोजायला घ्यायचे.

गेल्या आठवड्यातला लेखांक वाचून पेडण्याच्या एका वाचकाने विचारलं, "आपल्या गोव्यात कोळशावर वीज करून सगळ्यांना पुरवणारं केंद्र एकही नाही. मग औष्णिक प्रकल्पांच्या सुनावण्यांचं हे पुराण कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपल्या घरातले दिवे कोरबा आणि विंध्याचलसारख्या दूरच्या केंद्रांतल्या विजेवर लागतात. कोळसा तिकडे जळतो, राख तिकडे पडते. पण आपल्या दोन्ही सीमांपलीकडे हा विषय येऊन गेलेला आहे. देवगड तालुक्यात गिर्ये आणि मुणगे परिसरात चार हजार मेगावॉटचा महाप्रकल्प घाटत होता, गावांनी तो घेतला नाही. रत्नागिरीजवळ जयगडला १,२०० मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं, आणि हापूसवर त्याचा काय परिणाम होणार या प्रश्नावर बागायतदार कोर्टात गेले. काणकोणच्या पलीकडे कारवारजवळच्या हणकोणलाही कोळशाच्या वीज केंद्राला लोकांनी विरोध केला होता.

शिवाय केंद्र नसलं तरी कोळसा आहेच. तो वास्कोत उतरतो. मुरगाव बंदरात जहाजातून आलेला कोळसा बव्हंशी पोलादासाठी असतो. वॅगनींत भरून तो कुळे आणि कॅसलरॉकच्या घाटाने बळ्ळारीकडच्या कारखान्यांना जातो. काही बार्जेसमधून डिचोली तालुक्यातल्या आमोण्याला जातो. सडा आणि बोगदा भागात सकाळी बाल्कनीच्या फरशीवरून अनवाणी चालून आलात की तळवे काळे होतात. दोरीवरचे पांढरे कपडे आत घेताना बायका आधी झटकतात, मग नाक लावून बघतात. त्यामुळे वीज केंद्र असो की कोळशाचा धक्का, कायदा एकच, पायऱ्याही त्याच: १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना.

या अधिसूचनेच्या चार पायऱ्यांपैकी पहिल्या दोन आपण मागच्या लेखांकांत पाहिल्या. प्रकल्प कोणत्या वर्गात बसतो ती छाननी, आणि अभ्यास कशाकशाचा करायचा ते ठरवणाऱ्या संदर्भ अटी. तिसरी पायरी लोकांची, चौथी तज्ज्ञ समितीची. म्हणजे लोकांना विचारायची वेळ येते तेव्हा जागा ठरलेली असते, सल्लागार नेमलेला असतो आणि त्याने कंपनीच्या पैशाने लिहिलेला अहवालाचा मसुदाही तयार असतो. लग्नाची पत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारावी, त्यातला हा प्रकार. तरीही मी म्हणेन, ही पायरी सोडू नका. कारण याच एका पायरीवर तुमचं म्हणणं सरकारच्या फाइलीत शिरतं, आणि एकदा शिरलं की तिथून ते काढून टाकणं सोपं नसतं.

हे वास्कोतल्या खारीवाड्याच्या मच्छीमारांनी आधी ओळखलं. मुरगाव पोर्ट ट्रस्टला अवाढव्य, 'केपसाइज' जातीची जहाजं आत आणायची होती. त्यासाठी सुमारे १४ मीटर खोलीचा प्रवेशमार्ग सुमारे २० मीटरपर्यंत खणायचा होता. समुद्राचा तळ उपसायचा म्हणजे गाळ ढवळणार, मासळी हलणार. जवळच चिखलीच्या खाडीत त्या पातळ शिंपल्यांची वस्ती आहे, ज्यांच्या चकत्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावलेल्या असत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या कामाला जनसुनावणीतून सूट दिली, २०१६ च्या सुरुवातीला पर्यावरण दाखला दिला आणि उपसा सुरूही झाला. होड्यावाल्यांची सहकारी सोसायटी पुण्याला राष्ट्रीय हरित लवादाच्या पश्चिम विभागीय पीठापुढे गेली. सुनावणीतून दिलेली सूट हाच त्यांचा कळीचा मुद्दा होता, आणि त्याच वर्षी लवादाने दाखला रद्द केला. कोट्यवधींचं काम थांबलं ते लोकांना विचारलं नाही एवढ्यावरून.

मग विचारावंच लागलं. एप्रिल २०१७ च्या अखेरीस वास्कोत सुनावणी सुरू झाली. प्रवेशमार्ग खोल करण्याचं काम आणि बंदरातल्या दोन धक्क्यांच्या विस्ताराची कामं असे तीन प्रकल्प एकापाठोपाठ एक लोकांपुढे आले, आणि सगळं मिळून आठ दिवस चाललं. आठ दिवस! आपल्याकडच्या बहुतेक सुनावण्या दुपारच्या जेवणाआधी आटोपतात. इथे मात्र मच्छीमार, डॉक्टर, शिक्षक, पाद्री, गृहिणी, पंच सगळे येत राहिले. रेल्वेमार्गावरच्या गावांतले लोकही आले. 'गोंयांत कोळसो नाका' या घोषणेमागे पुढच्या वर्षांत जी चळवळ उभी राहिली, तिची बरीचशी माणसं इथेच पहिल्यांदा एकमेकांशेजारी बसली.

अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात सुनावणी कशी घ्यायची ते लिहिलेलं आहे, आणि ते वाचण्यासारखं आहे. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी. जागा प्रकल्पाची किंवा प्रकल्पाच्या अगदी जवळची. गणपूर्तीची अट नाही, चार माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण. आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचं: लोक उठून जाण्याआधी इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं, त्यावर त्याच दिवशी अध्यक्षांची सही. मतदान कुठेही नाही. हजार जण 'नको' म्हणाले आणि दहा जण 'हवा' म्हणाले, म्हणून प्रकल्प फेटाळला जात नाही. हे अनेकांना ठाऊक नसतं. म्हणून गाड्या भरून माणसं आणली जातात आणि दोन्ही बाजू टाळ्यांची बेरीज करत बसतात.

इथे माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खाणीच्या सुनावणीत मी बोललो. प्रकल्पाचं नाव सोडून देतो. चार मिनिटं बोललो, बरं बोललो असं मलाच वाटलं. डोंगर, देवराई, पुढची पिढी, सगळं काढलं. टाळ्या पडल्या. महिनाभराने इतिवृत्ताची प्रत हाती आली. माझ्या नावापुढे एक ओळ: 'पर्यावरणाबाबत चिंता व्यक्त केली.' चार मिनिटांची एक ओळ. माझ्यानंतर एक शेतकरी बाई उठल्या होत्या. त्यांना नीट बोलता येत नव्हतं, हातात वहीचा फाटका कागद होता. आमच्या बांधाखालच्या शेतात जून ते सप्टेंबर लाल माती येते, गेल्या वर्षी मेरेच्या वर वीतभर थर बसला, सर्व्हे क्रमांक अमुक, मामलेदारांना अर्ज दिला तो अमुक तारखेला. टाळ्या नाहीत. इतिवृत्तात मात्र त्यांचा अख्खा परिच्छेद होता, आणि पुढच्या रकान्यात कंपनीला उत्तर लिहावं लागलं होतं: गाळ अडवण्यासाठी टाक्या बांधू. त्या टाक्या झाल्या की नाही हा वेगळा विषय, पण त्या आता लेखी आश्वासनात होत्या. त्या दिवसापासून मी माईकवर कमी बोलतो आणि घरून जास्त लिहून नेतो.

कागदाचं हे वजन केपे तालुक्यातल्या कावरे गावाने सिद्ध केलं. तिथल्या लोहखनिजाच्या खाणीला मिळालेल्या दाखल्याविरुद्ध लोक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २००९ मध्ये निकाल लागला आणि त्यात दोन गोष्टी ठरल्या. अहवालाचा सारांश लोकांना सुनावणीच्या किमान तीस दिवस आधी मिळाला पाहिजे. आणि सुनावणीतल्या आक्षेपांचा तज्ज्ञ समितीने विचार करून, ते का मानले किंवा का मानले नाहीत याची कारणं दिली पाहिजेत. या समितीसमोर सहा महिन्यांत चारशेहून अधिक खाणींचे प्रस्ताव आल्याची नोंदही त्या निकालात आहे. एका प्रस्तावाच्या वाट्याला किती मिनिटं आली असतील, ते तुम्हीच काढा.

पेडण्याचं उदाहरण वेगळं आहे. मोपा विमानतळाची सुनावणी १ फेब्रुवारी २०१५ रोजी झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दाखला मिळाला. प्रकल्पाच्या अर्जात पंधरा किलोमीटरच्या परिघातल्या संवेदनशील भागांची माहिती विचारलेली असते. ती नीट दिली नव्हती, आणि सिंधुदुर्गातली सह्याद्रीची संवेदनशील गावं तर मोपाच्या पठारावरून दिसतात म्हणावं इतकी जवळ. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दाखला स्थगित करून समितीला पुन्हा विचार करायला लावला. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह स्थगिती उठली आणि आज तिथून विमानं उडतात. म्हणजे लोक हरले? माझ्या मते नाही, पण जिंकलेही नाहीत. झाडं गेलीच.

आता कोळशाकडे परत येतो, कारण खरी मेख तिथे आहे. वास्कोच्या सुनावणीत माणसं वारंवार रेल्वेबद्दल बोलत होती. धक्के वाढले तर कोळसा वाढणार, कोळसा वाढला तर वॅगनी वाढणार, घरांना खेटून जाणारा मार्ग दुपदरी होणार. साधा हिशेब. पण रेल्वेमार्ग २००६ च्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. त्यांना पर्यावरण दाखला लागत नाही, म्हणून जनसुनावणीही नाही. बंदराची फाइल एकीकडे, रेल्वेची दुसरीकडे, महामार्गाची तिसरीकडे, तम्नारच्या वीजवाहिनीची चौथीकडे. हत्ती एकच, पण शेपूट, सोंड आणि पाय वेगवेगळ्या टेबलांवर. नोव्हेंबर २०२० मध्ये दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला लोक मध्यरात्री रुळांवर येऊन बसले, त्याचं एक कारण हेही की बसायला दुसरी जागाच नव्हती. घाटातल्या दुपदरीकरणाला मोले अभयारण्यामुळे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची मंजुरी लागत होती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. मोलेत वाघ आणि अस्वलं आहेत म्हणून घाटात तरी कुणीतरी अडवू शकलं. रुळांलगतच्या वेळसाव किंवा चांदरच्या माणसासाठी तसं मंडळ नाही.

अधिसूचना बदलताना रेल्वेमार्ग, निदान मालवाहतुकीचे मार्ग, यादीत यावेत अशी मागणी आपल्या आमदार-खासदारांनी लावून धरायला हवी. मार्च २०२० च्या मसुद्यात तर उलटंच चाललं होतं. जाहिरात ते सुनावणी हा काळ तीस दिवसांवरून वीसवर आणायचा त्यात प्रस्ताव होता. शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल, मध्ये चतुर्थी किंवा शिगमो, आणि दिवस वीस.

तेव्हा डिचोली असो की वास्को, पुढच्या वेळी चौकट दिसली की काय करायचं ते सांगतो. जाहिरात कापून तारखेसह जपा, कारण तीस दिवस पुरे होतात की नाही हा पहिला मुद्दा तिथेच असतो. जिल्हाधिकारी कार्यालयात, पंचायतीत किंवा पालिकेत मसुद्याची प्रत ठेवलेली असायला हवी. जाऊन बघा, आणि नसेल तर 'नाही' असं लिहून पोच घ्या. सगळा अहवाल वाचत बसू नका. तुमच्या गावाबद्दलची पानं काढा: विहिरी किती लिहिल्यात, वारा कोणत्या दिशेचा धरलाय, हवेचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतलेत. पावसाळ्यातली धूळ मोजली तर ती कमीच भरणार. तुमच्या ओहोळाचं नाव नकाशात नसेल तर तेवढं एक वाक्यही मोलाचं आहे. सुनावणीला जाता येत नसेल तरी लेखी म्हणणं मंडळाकडे पाठवता येतं, आणि त्याला माईकवर बोललेल्या शब्दांइतकाच मान आहे. गेलात तर इतिवृत्त वाचून होईपर्यंत थांबा. संध्याकाळ होते, बस चुकते, पोरं घरी वाट बघतात, हे सगळं कबूल. पण आपला मुद्दा चुकीचा उतरला असेल तर सांगायची वेळ तीच. आणि दाखला दिला गेलाच, तर हरित लवादाकडे अपिलाला तीस दिवस आहेत. सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ, त्यापलीकडे एकही नाही.

पुढच्या लेखांकात चौथी पायरी: दिल्लीतली तज्ज्ञ समिती, तिच्या बैठकीचं इतिवृत्त कसं वाचायचं, आणि त्यात आपल्या गावाचं नाव कुठे शोधायचं. ज्यांच्याकडे जुन्या सुनावणीच्या इतिवृत्ताची प्रत असेल, त्यांनी तोवर ती काढून ठेवावी. सोबत घेऊनच वाचू.