वजन मोठं की डाव?

मंडळी, कुरुंद्यात कुस्तीवर बोलायचं तर सुरुवात जत्रेच्या फडापासूनच करावी लागेल. फडात वजनकाटा नसतो. पंच दोन पोरं समोरासमोर उभी करतात, नजरेनं जोखतात, जोड लावतात. ही नजर चुकली तर काय होतं, ते आज आपण बघू.

डाव येत असला की वजनाचं काय घेऊन बसलात, असं आपण सर्रास म्हणतो. हे अर्धंच खरं. अंग सगळ्या बाजूंनी वाढलं की वजन घनाच्या हिशेबानं वाढतं, ताकद मात्र स्नायूच्या जाडीवर, म्हणजे वर्गाच्या हिशेबानं. म्हणून लहान अंगाचा गडी स्वतःच्या वजनाच्या मानानं जास्त ताकदवान असतो. तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लूनं १९८८ साली ६० किलो गटात १९० किलो उचलले, तिपटीहून जास्त! जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेनं २६७ किलो उचलले. ते त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीलाही पोचत नाहीत. पण कुस्तीत प्रमाण कोण मोजतो? अंगावर येतं ते अख्खं वजन. भारी गडी कब्जा घेऊन पाठीवर नुसता पडून राहिला, तरी खालच्याचा दम जातो.

मग डाव कुठं कामाला येतो? समोरच्याला तो माहीत नसतो तिथं. १९९३ साली अमेरिकेत वजनगट नसलेल्या झुंजी सुरू झाल्या. ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीनं, साधारण ८० किलोच्या माणसानं, आपल्याहून जड गडी गळा आवळून हरवले. पुढं ते डाव सगळेच शिकले, आणि मग त्या झुंजींनाही वजनगट करावे लागले.

आपले खाशाबा जाधव घ्या. ढाक हा त्यांचा हातखंडा. १९५२ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य मिळवलं, ते ५७ किलोच्या गटात. तिथं सगळेच ५७चे, म्हणून डाव उठून दिसला.

जत्रेत मात्र मोठ्या इनामासाठी पंधरा वर्षांचं पोरगं दहा-बारा किलो जड गड्याशी भिडवतात. तालमीत दोघंही सारखेच घोटलेले असतील तर तिथं डाव पुरत नाही. आणि जड गडी अंगावर घेऊन मानेवर आपटणं ही साधी गोष्ट नव्हे.

आपल्या भागात हळदीची पोती तोलायला काटे आहेतच की. जत्रेच्या दिवशी त्यातला एक फडाजवळ आणून ठेवायला कितीसा खर्च येतो? पंचमंडळी समोरच बसली आहेत, त्यांनीच सांगावं.