वीस कार्डांचा हिशेब : पोकेमॉन पॉकेटमध्ये डेक कसा बांधायचा?

आजचा विषय तुमच्या फोनमधलाच. पोकेमॉन टीसीजी पॉकेट हा गेम ऑक्टोबर 2024 मध्ये आला. नवीन खेळाडूची पहिली तक्रार ठरलेली असते : "माझ्याकडे भारी कार्डं आहेत, तरी मी हरतोच!" मग पुढचा विचार येतो, पैसे घालून आणखी पॅक घेऊ का? थांबा. आधी डेक बघू.

नियम थोडक्यात. टेबलावरच्या मूळ खेळात डेक 60 कार्डांचा असतो आणि एका नावाची 4 कार्डं चालतात. पॉकेटमध्ये डेक फक्त 20 चा आणि एका नावाची जास्तीत जास्त 2. सुरुवातीला हातात 5 पानं येतात, त्यात एक तरी बेसिक पोकेमॉन नक्की असतो. पुढे दर पाळीला एक पान. 3 पॉइंट झाले की जिंकलात.

दोन प्रती का?

समजा खेळ अर्धा झाला, म्हणजे 20 पैकी 10 पानं तुम्ही बघितली. ज्या कार्डाची एकच प्रत आहे ते हातात येण्याची शक्यता साधारण 50 टक्के. दोन प्रती असतील तर साधारण 75 टक्के. रमी खेळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही : ज्या पानाची वाट बघायची, ती पानं गठ्ठ्यात जास्त हवीत. म्हणून ज्याच्या जोरावर जिंकायचं, ते कार्ड दोनदा घ्या. "असू दे, कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून घेतलेलं एकटं कार्ड बहुतेक वेळा जागा अडवतं.

आता चारिझार्ड ईएक्स बघा. 200 चा तडाखा, ऐकूनच मस्त वाटतं. पण त्यासाठी आधी चारमॅंडर, मग चारमेलियन, मग चारिझार्ड, असा जिना चढावा लागतो. वरच्या दोन्ही पायऱ्यांच्या दोन-दोन प्रती ठेवल्या, तरी 10 पानांत दोन्ही सापडण्याची शक्यता निम्म्याहून थोडीशीच जास्त. वर 4 एनर्जी लागते, आणि एनर्जी मिळते पाळीला एक. पहिली पाळी तुमची असेल तर त्या पाळीत तीही नाही. डेक वाईट नाही, पण तोपर्यंत तग धरायला सोबत कुणीतरी हवं.

एक साधा नमुना

शिकायला पिकाचू ईएक्सचा डेक चांगला. तो स्वतः बेसिक आहे, 2 एनर्जीत हल्ला करतो, आणि बेंचवरच्या प्रत्येक विजेच्या पोकेमॉनमागे 30 नुकसान करतो. बेंचवर जागा 3, म्हणजे 90. आता बाकीची कार्डं आपोआप ठरतात, कारण बेंच पटकन भरायचा आहे :

- पिकाचू ईएक्स 2, झॅपडॉस ईएक्स 2
- व्होल्टॉर्ब 2, इलेक्ट्रोड 2
- पोके बॉल 2, प्रोफेसर्स रिसर्च 2
- सॅब्रिना 2, जिओव्हानी 2
- एक्स स्पीड 2, पोशन 2

पोके बॉल डेकमधून एक बेसिक पोकेमॉन आणून देतो, प्रोफेसर्स रिसर्च दोन पानं देतं. ही चार कार्डं म्हणजे डेकचं वंगण. सॅब्रिना, जिओव्हानी आणि प्रोफेसर ही तिन्ही सपोर्टर कार्डं. एका पाळीत त्यातलं एकच खेळता येतं. त्यामुळे सपोर्टरची गर्दी केली तर ती हातातच अडकून पडतात.

एनर्जी शक्यतो एकाच रंगाची ठेवा. दोन रंग निवडले की दर पाळीला कुठला येईल ते नशिबावर, आणि नेमका नको तोच आला तर हल्ला चुकतो.

आणखी एक. ईएक्स पोकेमॉन पडला की समोरच्याला 2 पॉइंट, साधा पडला तर 1. म्हणजे तुमचे दोन ईएक्स गेले की खेळ खलास. जखमी ईएक्सला वेळेत मागे घेणं हेही डेक बांधतानाच ठरवायचं, म्हणून तर एक्स स्पीड घेतलाय.

पैशाचं काय?

नवे संच आल्यावर यापेक्षा ताकदवान डेक आले, पण हिशेब तोच राहतो. दर 12 तासांनी एक पॅक फुकट मिळतो. प्रत्येक पॅकमागे 5 पॅक पॉइंट जमतात, आणि साधं ईएक्स कार्ड 500 पॉइंटला घेता येतं. म्हणजे 100 पॅक, फुकटच्या पॅकवर 50 दिवस. म्हणून पॉइंट उधळू नका; एकाच संचाचे पॅक उघडा आणि डेकमध्ये जे एक कार्ड खरंच कमी आहे त्यासाठीच ते राखून ठेवा.

डेक झाला की दहा सामने खेळा. हरल्यावर हातात कुठलं पान पडून राहिलं ते लिहून ठेवा. तेच पान पुन्हा पुन्हा दिसलं तर ते काढा. एका वेळी एक-दोनच कार्डं बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणारच नाही.

तुमच्या डेकमधलं असं पडून राहणारं पान कुठलं? आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!