आज किती जमलं? लिहून ठेवा!

इंजेक्शन देताना डॉक्टरांचा हात कधी निरखून पाहिलाय? अजिबात थरथरत नाही! तो इतका तयार कसा होतो बरं?

चला, चंडीगडला जाऊ. तिथल्या सेक्टर 32 मध्ये 1991 साली सुरू झालेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर होण्यासाठीचा, म्हणजे एमबीबीएसचा, नवा अभ्यासक्रम 2019 पासून देशभर लागू झाला, तसाच इथेही. त्यात आपलं आपण शिकायचे तास वेळापत्रकातच असतात. शिवाय प्रत्येकाला एक लॉगबुक, म्हणजे नोंदवही ठेवावी लागते.

तिच्या पानावर काय असतं? कौशल्याचं नाव, तारीख, प्रयत्न पहिला की पुन्हा केलेला आणि तो कसा झाला: अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतका की त्याहून सरस. पुढे शिक्षकांची सही आणि विद्यार्थ्याचीसुद्धा! समजा, सरावासाठीच्या पुतळ्याच्या दंडावर इंजेक्शन नीट जमलं नाही. मग पुन्हा सराव, नवी तारीख, नवी नोंद.

पण नुसतं लिहून काय होतं? अमेरिकेतल्या बॅरी झिमरमन आणि अनास्तासिया किट्सांतास या शास्त्रज्ञांनी हेच तपासलं. त्यांनी 90 शाळकरी मुलींना डार्ट, म्हणजे छोटे बाण, फेकायला शिकवलं. 1997 साली निष्कर्ष छापून आले. स्वतःची नोंद ठेवणाऱ्या मुलींचा नेम जास्त सुधारला, आत्मविश्वास वाढला आणि खेळाची गोडीही वाढली! त्यातही, आधी फेकण्याची पद्धत पक्की करून मग गुणांकडे वळलेल्या मुली सर्वांत पुढे गेल्या.

असं का होतं? आपली उंची वाढताना आपल्याला कुठे कळते? भिंतीवरच्या जुन्या खुणेशी उभं राहिलं की कळते. शिकण्याचंही तसंच. रोजची प्रगती इतकी बारीक असते, की 'मला येतच नाही' असं वाटत राहतं. जुनी नोंद पाहिली, की फरक डोळ्यांना दिसतो आणि हुरूप येतो.

मग करा की सुरुवात! दोरीवरच्या उड्या, सतराचा पाढा, बासरी, काहीही निवडा. वहीत चार रकाने आखा: तारीख, काय केलं, किती जमलं, कुठे अडलं. मित्राच्या आकड्याशी तुलना नको, आपल्याच कालच्या आकड्याशी करा. आकडा घसरला तरी खराच लिहा. चौथा रकाना सगळ्यात कामाचा, कारण उद्या कशाचा सराव करायचा ते तोच सांगतो. मग 'अभ्यासाला बस' असं कुणी सांगायची गरजच उरत नाही!